आईची गाडी, पोराचं अ‍ॅप

सोलापुरात होटगी रोडला माझं गाड्यांच्या वायरिंगचं आणि अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा आणि गेली दहा-बारा वर्षं जीपीएस. ट्रकला, जेसीबीला, शाळेच्या व्हॅनला, टॉवेल कारखान्यांच्या टेम्पोला मिळून किती बसवले त्याचा हिशोब नाही. "काढून द्या" म्हणत मात्र कुणी आलं नव्हतं. यंदाच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आठ दिवस आधी एक काकू आल्या आणि हेच म्हणाल्या. हे काम मी लिहून ठेवतोय, कारण त्यात मी दोनदा चुकलो. आणि एका माणसावर किती वाटांनी नजर राहते ते मला पहिल्यांदाच एका जागी बघायला मिळालं. काकूंना विचारूनच लिहितोय. नाव, घर आणि गाडीची कंपनी सांगत नाही.

काकूंचं वय ६८. बँकेतून निवृत्त, यजमान जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा पुण्यात आयटीत. गाडी ऑटोमॅटिक, २०२३ ची, पासिंग एमएच-१३. पैसे मुलाने भरले, पण आरसी बुकावर नाव काकूंचं, आणि गाडीवर कर्ज नाही. या दोन गोष्टी मी पहिल्यांदा विचारल्या. गाडी कर्जावर असेल तर करारात काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय मी हात लावत नाही. पिवळ्या पाटीची टॅक्सी, बस असेल तर विषयच संपला. तिथे एआयएस-१४० या सरकारी मानकाचं ट्रॅकर आणि पॅनिक बटण कायद्याने लागतं, नव्या गाड्यांना १ जानेवारी २०१९ पासून. ते काढणं म्हणजे परमिटशी खेळ. खासगी गाडीला तशी सक्ती नाही.

तक्रार त्यांच्याच शब्दांत सांगतो.

"गुरुवारी चारला मी घरातून निघते. सव्वाचारला त्याचा फोन. आई, आसरा चौकाच्या पुढं कशाला गेलीस? आई, विजापूर रोडला बहात्तरचा स्पीड होता. परवा सात रस्त्याला ट्रॅफिकमध्ये अडकले, तर म्हणतो, गाडी कधीची उभी आहे, सगळं ठीक ना? मी अडतीस वर्षं कॅश सांभाळली, एक नोट कमी आली नाही. आता मला कुणी मोजायला नको."

मी विचारणार होतो, गुरुवारी कुठे जाता? विचारलं नाही. बरं केलं.

गाडीतलं यंत्र आणि माझी पहिली चूक

आपल्याकडे सिमवाल्या गाड्यांची लाट आली ती २०१९ मध्ये. व्हेन्यू, हेक्टर, सेल्टोस त्याच वर्षीच्या. डॅशबोर्डच्या आत पाकिटाएवढं एक युनिट असतं, त्यात कायमचं बसवलेलं सिम. माणसाचा मोबाइल नंबर दहा आकडी, या सिमचा तेरा आकडी, कारण ते यंत्राने यंत्राशी बोलायचं सिम आहे. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, दार उघडं आहे की बंद, एसी चालू आहे का, हे सगळं युनिट कंपनीच्या सर्व्हरला कळवत राहतं आणि तिथून ते अ‍ॅपमध्ये दिसतं. अ‍ॅपचा मालक कोण? डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममध्ये ज्याच्या मोबाइलवर ओटीपी आला तो. आरसी बुकाचा त्याच्याशी काही संबंध नाही. काकूंच्या बाबतीत ओटीपी मुलाच्या फोनवर आला होता. त्याने अ‍ॅपमध्ये नकाशावर घराभोवती एक गोल काढून ठेवला होता. गाडी गोलाबाहेर गेली की त्याला सूचना, वेग सत्तरच्या वर गेला की दुसरी सूचना.

मी म्हटलं, सोपं आहे. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा तक्ता बघितला, त्या युनिटचा फ्यूज चिमट्याने ओढून काढला. आरशाशेजारच्या एसओएस, म्हणजे संकटात मदत मागायच्या बटणाचा हिरवा दिवा लाल झाला. ब्लूटूथवर कॉल लावून बघितला, तर माइक मेलेला. माइकची वायर त्याच युनिटमधून जात होती. तेवढं चालेल, काकू म्हणाल्या, गाडी चालवताना मी बोलतच नाही. चहा मागवला.

चहा संपायच्या आत मुलाचा फोन. "आई, गाडी होटगी रोडला बंद पडली का? टोइंग पाठवू?"

अ‍ॅपमध्ये "गाडीशी संपर्क होत नाही" असं आलं होतं आणि खाली शेवटचं ठिकाण म्हणून माझ्या दुकानाचा ठिपका. लपवायला गेलो आणि पत्ता देऊन बसलो. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी गपचूप फ्यूज परत बसवला.

माझ्या धंद्यातल्या लोकांसाठी थोडं खोलात लिहितो, कारण अर्धवट माहितीवर गाड्या उघडणारे बरेच आहेत. फ्यूज काढल्यावरही काही युनिट आतल्या छोट्या बॅटरीवर काही वेळ चालतात. अपघातात मेन बॅटरी तुटली तरी एसओएस कॉल जावा म्हणून ती सोय असते. दुसरी वाट अँटेनाची. छतावरच्या शार्कच्या परासारख्या अँटेनाखाली दोन-तीन वायरी येतात आणि त्यांच्या कपलरना, म्हणजे जोडायच्या टोकांना, रंग असतात. निळा जीपीएसचा, जांभळट लाल मोबाइल नेटवर्कचा, काळा किंवा पांढरा रेडिओचा. पुष्कळ जण निळा काढतात आणि काम झालं म्हणतात. जीपीएस फक्त ऐकतो, तो कुणाला काही सांगत नाही. सांगणारी वायर जांभळट लाल. निळा काढला तर युनिटला स्वतःची जागा कळणार नाही, पण टॉवरशी बोलणं चालूच, आणि कुठल्या टॉवरखाली आहे त्यावरून अंदाज येतोच. लाल काढला तरी काही युनिटला पोटातच दुसरा छोटा अँटेना असतो. टॉवर जवळ असला की तो पुरतो. म्हणून कपलर काढून तिथे ५० ओहमचं टर्मिनेटर, म्हणजे अँटेनाच्या जागी बसणारी लहर जिरवणारी टोपी, लावायचं आणि मग गाडी दोन दिवस बाहेर फिरवून अ‍ॅपमध्ये बघायचं. दुकानात उभ्या गाडीवर निकाल देऊ नये. यात वॉरंटीचा वाद होऊ शकतो, चोरी झाली तर गाडी सापडायची एक वाट जाते आणि एसओएस मरतं.

एसओएसवर काकू थांबल्या. "ते राहू दे. नळदुर्गच्या रस्त्याला एकटी असले तर कुणाला हाक मारू?"

म्हणजे यंत्र राहायला हवं होतं, फक्त मुलाचा डोळा काढायचा होता. मला हे कळायला एक फ्यूज, एक चहा आणि एक फोन लागला. आधी गिऱ्हाइकाला विचारायचं असतं, कुणापासून लपायचंय? मी विचारलं होतं फक्त, काय काढायचंय?

मग मी त्यांना कंपनीबद्दल सांगायला लागलो, कारण माझ्या लेखी मोठा डोळा तो आहे. मोझिला फाउंडेशनने सप्टेंबर २०२३ मध्ये २५ कार ब्रँडची धोरणं तपासली होती, खासगीपणाच्या परीक्षेत पंचवीसच्या पंचवीस नापास. अमेरिकेत जनरल मोटर्सने लोकांच्या गाडी चालवण्याच्या नोंदी, म्हणजे कुठे कचकन ब्रेक मारला, कुठे वेग वाढवला, हे डेटा कंपन्यांना विकलं, तिथून ते विमा कंपन्यांपर्यंत गेलं आणि काहींचे हप्ते वाढले. २०२५ च्या जानेवारीत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने पाच वर्षं अशी माहिती पुढे द्यायला बंदी घालायचं ठरवलं. मी अगदी रंगात येऊन सांगत होतो.

काकू म्हणाल्या, "कंपनीला बघू दे. कंपनी मला फोन करून विचारत नाही, आसऱ्याला का थांबलीस म्हणून."

मला अजून वाटतं त्या चुकतात. पण नजर त्यांच्यावर होती, माझ्यावर नाही.

फोन

गाडीचा मालकी हक्क अ‍ॅपमध्ये बदलायला कंपनीच्या हेल्पलाइनला आरसीची प्रत पाठवावी लागते आणि जुन्या मालकाच्या मोबाइलवरचा ओटीपी सांगावा लागतो. म्हणजे मुलाला कळल्याशिवाय ते होणारच नव्हतं. "संक्रांतीला येतोय तो, तेव्हा बोलते," काकू म्हणाल्या. तोवर फोन बघू म्हटलं.

फोनचं काम माझ्याकडे एक पोरगा करतो. अशोक चौकातला, घरात तेलुगू, दुकानात मराठी, गिऱ्हाईक बघून कन्नड. त्याने फोन हातात घेतला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "साहेब, ह्यो फोन काकूंचा नाहीच की."

आत एकच गुगल खातं होतं, मुलाचं. २०२१ मध्ये फोन घेऊन देताना त्याने स्वतःचा जीमेल टाकून चालू करून दिला होता. आपल्याकडे घरोघरी हेच असतं. आईबाबांना जीमेल कुठे काढून द्यायचा, पासवर्ड कुठे लक्षात राहणार, घाल आपलाच. पण अँड्रॉइडच्या लेखी ज्याचं खातं त्याचा फोन. मुलगा पुण्यात बसून फाइंड हब, म्हणजे हरवलेला फोन शोधायचं गुगलचं अ‍ॅप उघडतो, २०२५ पर्यंत त्याला फाइंड माय डिव्हाइस म्हणायचे, आणि त्यात स्वतःच्या फोनशेजारी आईचा फोन दिसतो. त्यासाठी त्याला काहीही गुपचूप करावं लागलेलं नाही. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप त्याच खात्यात, फोटो त्याच खात्यात, आणि कुणाचा नंबर सेव्ह केला तर तो त्याच्याही फोनमध्ये. "तरीच," काकू म्हणाल्या, "परवा तो विचारत होता, हे जोशी कोण?"

काम सावकाश केलं. घाईने खातं काढलं असतं तर सगळे नंबर त्याच्याबरोबर गेले असते. आधी नंबर फाइल करून फोनच्या मेमरीत काढले, काकूंच्या नावाने नवीन खातं उघडलं, पासवर्ड त्यांच्या डायरीत त्यांच्याच अक्षरात लिहून घेतला, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप नव्या खात्यावर वळवला आणि मग जुनं खातं काढलं. फोटोंचं जमलं नाही. जागा कमी पडते म्हणून फोनमधले फोटो उडवलेले होते, ते आता फक्त मुलाच्या खात्यात होते. नातवाच्या बारशापासूनचे. ते मुलाकडून मागून घ्यायचे, असं डायरीत लिहिलं.

मग बाकीची झाडझूड. अँड्रॉइडमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बंद केलं तरी लोकेशनच्या सेटिंगमध्ये आत "वायफाय स्कॅनिंग" आणि "ब्लूटूथ स्कॅनिंग" अशी दोन बटणं वेगळी असतात. ती चालू असली की फोन आजूबाजूचे राउटर हुंगत राहतो आणि त्यावरून जागा ठरवतो. ती बंद केली. जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांक अँड्रॉइड १२ पासून पुसता येतो, तो पुसला. एकेका अ‍ॅपची लोकेशनची परवानगी बघितली. विजेचं बिल भरायचं अ‍ॅप, पंचांग, टॉर्च. टॉर्चला तुम्ही कुठे उभे आहात हे कशाला हवं? आयफोनवाल्यांनी एक लक्षात ठेवावं, वरून पडदा ओढून वायफायचं बटण दाबलं की ते फक्त तेवढ्यापुरतं सुटतं, दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आपोआप परत चालू. खरोखर बंद करायचं तर सेटिंगमध्ये जायचं. आणि सेटिंगमध्ये लिहिलंय म्हणून विश्वास ठेवायचा का, हाही प्रश्न आहेच. २०१८ मध्ये उघड झालं की लोकेशन हिस्ट्री बंद असली तरी गुगल दुसऱ्या एका सेटिंगखाली ठिकाणं साठवत होतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांशी त्यांनी ३९.१५ कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं.

काकूंना एक व्हॉट्सअ‍ॅप आलं होतं, फोन स्टीलच्या डब्यात ठेवला की कुणालाच सापडत नाही म्हणून. त्या डबा घेऊनच आल्या. कडीचा, जाड, लग्नातला. फोन आत ठेवला, कडी लावली, पोराने नंबर फिरवला. दोन सेकंद काही नाही. मग डब्यातून घंटी, आणि डब्यामुळे ती जास्तच घुमली. "आतच वाजू लालंय की!" पोरगा म्हणाला. झाकण आणि डबा यांच्यात जी बारीक फट राहते ती लहरीला पुरते. मग पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणली, दोन पदर गुंडाळले, कडा दुमडून दाबल्या. आता बाई बोलली, आपण संपर्क करू इच्छिता तो ग्राहक. एका कडेला टाचणीएवढं नाही, बोटभर उघडं ठेवलं, परत घंटी. विज्ञानाच्या तासाला हे शिकवलं असतं तर मी बारावीला बसलो असतो.

पण फॉइलमध्ये गुंडाळलेला फोन म्हणजे नसलेला फोन. सिम चालू आहे तोवर मोबाइल कंपनीला कुठल्या टॉवरखाली आहात हे माहीत असतंच, नाहीतर कॉल येणार कसा? त्याला इलाज नाही. ती नोंद मुलाला मिळत नाही एवढंच काकूंना पुरेसं होतं. फ्लाइट मोडबद्दलही गैरसमज आहे. त्यात ब्लूटूथ चालू राहू शकतं आणि जीपीएस ऐकत राहतो. नवे आयफोन तर बंद केल्यावरही अ‍ॅपलच्या फाइंड माय नेटवर्कमध्ये सापडतात, आयफोन ११ आणि पुढचे.

"झालं का?" काकूंनी विचारलं. "झालं," मी म्हटलं. ही दुसरी चूक.

किल्लीचा जुडगा

पुढच्या गुरुवारी काकूंनी मुद्दाम गाडी घरी ठेवली आणि रिक्षाने गेल्या. नवं खातं, मॅपवरची शेअरिंग बंद, सगळं बंद. पावणेपाचला मुलाचा फोन, "आई, आज गाडी न घेता गेलीस? तब्येत बरी आहे ना?"

काकू तशाच दुकानात आल्या. रागावल्या नव्हत्या, उलट थोड्या खुशीत होत्या, कॅशमध्ये घोळ सापडल्यासारख्या. फोन माझ्यापुढे ठेवला. स्क्रीनवर सूचना होती की एक अनोळखी ट्रॅकर तुमच्याबरोबर फिरतो आहे. नकाशावर लाल रेघ, त्यांच्या घरापासून सात रस्ता आणि पुढे. सूचनेतल्या बटणाने आवाज काढायला सांगितलं. काकूंच्या पर्समध्ये किल्ल्यांचा जुडगा चिवचिवला.

पांढरी, दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी चकती. चाव्या सापडत नाहीत म्हणून दिवाळीत मुलाने दिलेली. काकूंना ती शिट्टी वाटत होती. या चकत्यांना ना जीपीएस असतो ना सिम. त्या ब्लूटूथवर हलक्या आवाजात फक्त "मी इथे" म्हणत राहतात आणि शेजारून जाणारा कुणाचाही फोन ते ऐकून पुढे पोचवतो. रिक्षावाल्याचा, शेजारच्या स्कूटरवाल्याचा, भाजीवालीचा. अ‍ॅपलचा एअरटॅग २०२१ मध्ये आला आणि लोकांनी तो पाठलागाला वापरायला सुरुवात केली, तेव्हा ओरड झाली. मे २०२४ मध्ये अ‍ॅपल आणि गुगलने मिळून एक पद्धत ठरवली, आता दुसऱ्याची चकती तुमच्याबरोबर फिरली तर आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही सांगतात.

मग इतके दिवस काकूंच्या फोनने का सांगितलं नाही? कारण फोनमध्ये खातं मुलाचं होतं आणि चकतीही मुलाच्याच खात्यावर. फोनला वाटत होतं, मालक आणि त्याची चकती बरोबर फिरतायत, त्यात काय सांगायचं! आम्ही खातं बदललं त्या दिवसापासून तीच चकती परकी झाली. मी जुडगा शंभर वेळा हातात घेतला होता, गाडी आत-बाहेर करताना. एकदाही लक्षात आलं नाही.

त्यानंतर मी कागद घेतला आणि घराच्या फाटकापासून सुरुवात केली. पोर्चमधला कॅमेरा, त्याचं अ‍ॅप मुलाकडे. फास्टॅग, त्याला नंबर मुलाचा. फास्टॅगचं मला आधी सुचायला हवं होतं. तो स्टिकर स्वतः काही बोलत नाही, त्यात बॅटरीच नसते, टोलच्या खांबावरच्या यंत्राने विचारलं तरच उत्तर देतो. पण उत्तर दिलं की बँकेचा मेसेज जातो. तुळजापूरला निघालात की तामलवाडीला मेसेज. पुण्याकडे गेलात तर सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस, वेळेसकट. फास्टॅग काढून टाका असं मी सांगणार नाही. तो नसेल तर टोल जास्त पडतो, नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमात रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट होता. बँकेच्या पोर्टलवर नंबर तेवढा बदलून घ्यायचा. तोही ओटीपीवर, आणि ओटीपी परत मुलाकडेच.

कायद्याचं थोडं

काकूंच्या एका वकील मैत्रिणीने त्यांना सांगितलं ते लिहितो. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ८ जुलै २०२४ च्या एका निकालात, जामिनावर सुटलेल्या आरोपीने गुगल मॅपवर पिन टाकून पोलिसांना आपलं ठिकाण सतत दाखवावं, ही अट न्यायालयाने रद्द केली. "म्हणजे मी जामिनावरच्या आरोपीपेक्षाही खाली?" काकू म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बरीचशी कलमं पुढे टप्प्याने लागू व्हायची आहेत. पण तो कायदा घरगुती कारणासाठी एकाने दुसऱ्याची माहिती वापरली तर लागूच होत नाही. कंपनीला धरता येईल, पोराला नाही.

नवऱ्याने, ओळखीच्याने, कुणाही पुरुषाने बाईच्या मागावर राहणं, तिच्या इच्छेविरुद्ध तिच्या इंटरनेट आणि फोनवर पाळत ठेवणं, हा मात्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, पहिल्या वेळेला तीन वर्षांपर्यंत कैद. हे मला माहीत असायला हवं होतं. दोन-तीन वेळा नवरे आले होते माझ्याकडे, बायकोच्या स्कूटरला चुंबकवालं जीपीएस लावून द्या म्हणत. "चोरीला जाऊ नये म्हणून," असं ते म्हणायचे आणि मी लावून द्यायचो. सीटखाली, टेप मारून, वायर मडगार्डच्या आतून. सफाईने. आता ज्याच्या नावावर आरसी आहे त्याला दुकानात आणा म्हणतो. काही जण परत येत नाहीत.

तिळगूळ

संक्रांतीनंतरच्या रविवारी काकूंनी मला घरी बोलावलं. मला जायचं नव्हतं. मायलेकांच्या मध्ये वायरमनने बसावं का? पण मालकी बदलायचं काम गाडीच्या स्क्रीनवरही करावं लागतं, म्हणून गेलो. मुलगा सभ्य. मला म्हणाला, "दादा, तुमचा धंदा जीपीएस लावायचा आहे ना?" मी तिळाची वडी चावत बसलो.

त्याचं म्हणणंही ऐकून घ्यायला हवं. "बाबा पडले तेव्हा दोन तास कुणाला कळलं नाही. तू देवळात होतीस, मी पुण्यात. मला परत तसं नकोय."

काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. पंखा फिरत होता. मग म्हणाल्या, "बाबांच्या खिशात फोन होता की. तुला तो दिसतही होता, घरात आहे म्हणून. त्याने काय झालं?"

तो गप्प झाला. मग फोन काढला, ओटीपी आला, त्याने सहा आकडे मोठ्याने वाचले आणि काकूंनी ते कालनिर्णयाच्या मागे लिहिले, काम झाल्यावर खोडायचे म्हणून पेन्सिलने. गाडीचं अ‍ॅप काकूंच्या फोनवर आलं. एसओएस ठेवलं, आणीबाणीचा नंबर मुलाचाच ठेवला. गोल काढून टाकला, वेगाची सूचना बंद. फास्टॅगचा नंबर बदलला. फोटोंची फाइल त्याने त्याच रात्री पाठवायला लावली, ती यायला दोन दिवस गेले. पोर्चमधला कॅमेरा मात्र काकूंनी राहू दिला. "दुधाची पिशवी कोण पळवतो ते बघ तू." गावाबाहेर गेले तर पोचल्यावर एक मेसेज करीन, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, त्याने मागितलं नव्हतं.

जाता जाता गाडीच्या स्क्रीनमधून जुन्या जोडलेल्या फोनची यादी आणि कॉलची नोंद पुसली. जुन्या गाड्या घेणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशी करावं. माझ्याकडे येणाऱ्या सेकंडहँड गाड्यांत आधीच्या मालकाच्या मेव्हणीचा नंबरसुद्धा सापडतो, आणि कधी आधीच्या मालकाच्या अ‍ॅपमध्ये ती गाडी अजून फिरत असते.

मजुरी १,२०० रुपये घेतली. पहिल्या फ्यूजचे पैसे धरले नाहीत.

पंधरा दिवसांनी काकू वायपरचे ब्लेड बदलायला आल्या. किल्लीच्या जुडग्यात चकतीच्या जागी लाल दोरा. विचारलं, टाकली का? तर नाही. मुलासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं पार्सल ट्रॅव्हल्सच्या गाडीने पुण्याला धाडलं, त्यात चटणीच्या पुड्याखाली चकती ठेवून दिली. मुलगा रात्रभर टेंभुर्णी, इंदापूर करत पार्सल बघत होता. सकाळी हडपसरला गाडी थांबायच्या आधी हा तिथे उभा.